लॅकरचा थिनर कसा निवडावा?

सुरतेतील पांडेसऱ्याचे नाव कापडाच्या रंगाई-छपाईमुळे दूरवर गेले असले, तरी तो माल वाहणाऱ्या टेंपोंनाही रंग लागतोच. त्या रंगाचे दुकान चालविणाऱ्या सभासद बंधूंना गिऱ्हाईक विचारते, “कोणता थिनर घेऊ?” अशा वेळी ‘कोणताही चालेल’ हे उत्तर आम्हांस घातक वाटते, कारण रंग बिघडला की खापर दुकानदारावर फुटते.

नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारीवर प्रथम रूढ झाले ते १९२३ मध्ये अमेरिकेत, ‘ड्युको’ या नावाने. आपल्याकडे ‘ड्युको पेंटर’ हा शब्द त्यातूनच आला. हे लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते. म्हणून थिनर हा त्याचा अर्धा प्राणच होय. टर्पेंटाइन वा रॉकेल यांत नायट्रोसेल्युलोज विरघळत नाही. ती घातल्यास रंग फुटतो, गुठळ्या होतात.

चांगल्या थिनरमध्ये निरनिराळ्या वेगाने उडणारे द्रावक एकत्र असतात. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, एथिल ॲसिटेट ७७ ला, टोल्युइन १११ ला, तर ब्युटिल ॲसिटेट १२६ ला. टोल्युइन स्वतः नायट्रोसेल्युलोज विरघळवीत नाही, पण स्वस्त पडते. म्हणूनच हलक्या थिनरमध्ये त्याचा भरणा अधिक असतो, व चकाकी मारली जाते.

आता ऋतूचा प्रश्न. वैशाखातील उन्हात फार जलद थिनर वापरल्यास फवाऱ्यातील रंग पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच कोरडा होतो व पृष्ठभाग खरखरीत लागतो. पावसाळ्यातील संकट निराळे. द्रावक झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो, तापी-खाडीकाठच्या दमट हवेतील पाणी त्यावर साचते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर, किंवा त्यात थोडे ‘रिटार्डर’. ते बहुधा ब्युटिल सेलोसॉल्व्हचे असते. मात्र ते अति झाल्यास रंग ओघळतो व दिवसेंदिवस मऊ राहतो. मुसळधार पावसात काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

दोन-घटकी पॉलियुरेथेन रंगात हा थिनर मुळीच देऊ नये. त्यातील अल्कोहोल हार्डनरशी संयोग पावते व थर नीट कडक होत नाही. जुन्या सिंथेटिक इनॅमलवरही लॅकर मारू नये. खालचा थर सुरकुततो.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. वाळल्यावर तेलकट डाग उरला, तर भेसळीचा संशय घ्यावा. लॅकरमध्ये मिसळून काचेवर पसरलेला थर वाळल्यावर स्वच्छ दिसावा. हे सर्व अर्थातच दिव्या-विडीपासून दूर करावे. टोल्युइनची वाफ अवघ्या ४ अंशांवरही पेट घेऊ शकते.