तुमचा कुत्रा वांड नाही, बेकार आहे! घरातल्या भंगारातून त्याला असं द्या काम

संध्याकाळचे सात वाजलेत. ऑफिसवरून येऊन दार उघडलं तर समोर नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा पडलाय. सोफ्यावरच्या उशीतला कापूस हॉलभर झालाय. आणि या सगळ्याच्या मधोमध ब्रुनो शेपटी हलवत उभा आहे.

मग आवाज चढतो, एखादा फटकाही बसतो. आणि दोन-चार वेळा असं झालं की घरातलं कुणीतरी ते वाक्य म्हणतंच, "याला गावाला सोडून येऊ."

गावाला सोडलेल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याचं पुढं काय होतं, हे कुणी बघायला जात नाही. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ब्रुनोनं चप्पल का फाडली?

बऱ्याच वेळा उत्तर असतं, की त्याला दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं.

पोट दोन मिनिटांत भरतं, उरलेल्या दिवसाचं काय?

कुत्रा असो की मांजर, त्यांचं शरीर आणि डोकं अन्न शोधण्यासाठी घडलंय. वास काढायचा, माग घ्यायचा, उकरायचं, फाडायचं आणि मग खायचं. आपल्या गल्लीतलं भटकं कुत्रं बघा. तेही असंच वास काढत, शोधत खातं. मांजर तर दिवसभरात अनेकदा छोटी छोटी शिकार करून खाणारा प्राणी.

आता फ्लॅटमध्ये काय होतं? सकाळी वाटी भरली, दोन मिनिटांत फस्त. पुढचे आठ-दहा तास चार भिंती. भूक भागते, पण शोधायची, फाडायची, चावायची खाज तशीच राहते. मग ती निघते चपलेवर, उशीवर नाहीतर चार्जरच्या वायरवर.

"पण ओरडल्यावर त्याचा चेहरा अपराधी होतो ना, म्हणजे त्याला चूक कळते," असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. कान पाडणं, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की जास्त दिसलं, मग कुत्र्यानं चूक केलेली असो वा नसो. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याच्या कबुलीचा नसतो, समोरच्याच्या रागावरची ती प्रतिक्रिया असते. तासाभरापूर्वीच्या चपलेचा आणि आत्ताच्या फटक्याचा संबंध त्याला लागत नाही.

ही आयडिया आली कुठून?

१९६३ मध्ये ग्लेन जेन्सन नावाच्या संशोधकानं उंदरांवर एक प्रयोग केला. एका बाजूला फुकटचं खाणं भरून ठेवलं, दुसऱ्या बाजूला दांडी दाबली तरच खाणं मिळणार. फुकटचं समोर असतानाही उंदीर दांडी दाबून खाऊ लागले. या वागण्याला पुढं 'कॉन्ट्राफ्रीलोडिंग' असं नाव पडलं. सोप्या भाषेत, फुकटचं सोडून कमावून खाणं.

१९७० च्या दशकात हॅल मार्कोविट्झ यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात गिबन माकडांसाठी अशी सोय केली, की दिवा लागला की दांडी दाबायची आणि खाऊ मिळवायचा. पिंजऱ्यातल्या प्राण्याला खाण्यासोबत काहीतरी करायलाही द्यायला हवं, हा विचार तिथून पुढं जोर धरत गेला.

आणि पाळीव कुत्र्यांच्या खेळण्यांमधलं जगप्रसिद्ध नाव म्हणजे 'काँग'. त्याची सुरुवातच मुळी भंगारातून झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात खराब करत होता. मार्कहॅम फोक्सवॅगनची जुनी गाडी दुरुस्त करत होते. त्यांनी सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याच्याकडं टाकला आणि फ्रिट्झनं दगड सोडून दिले. त्या रबरी तुकड्याच्या आकारावरूनच पुढं खेळणं बनलं.

थोडक्यात, महागडं खेळणं विकत आणायलाच हवं असं काही नाही.

मग घरात काय काय चालेल?

१. टॉवेलची वळकटी : सगळ्यात सोपा प्रकार. जुना टॉवेल किंवा पंचा जमिनीवर पसरा, त्यावर कोरड्या खाऊचे दाणे टाका आणि सैलसर गुंडाळा. कुत्रा नाकानं ढकलत ती उलगडतो. जमायला लागलं की वळकटी जरा घट्ट करा.

२. आप्पेपात्र : घरात जुनं, कोटिंग नसलेलं बिडाचं आप्पेपात्र पडून असेल तर ते काढा. खळग्यांमध्ये खाऊ टाका आणि काही खळग्यांवर टेनिस बॉल ठेवा. बॉल बाजूला केला की खाऊ. बीड जड असल्यानं पात्र सहसा उलटत नाही. गबागबा खाणाऱ्या कुत्र्याला नुसतं आप्पेपात्रात जेवण वाढलं तरी त्याचा वेग कमी होतो. फक्त बॉल त्याच्या तोंडात पूर्ण जाणार नाही एवढा मोठा हवा.

३. पार्सलचा खोका : ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे खोके प्रत्येक घरात असतात. मोठ्या खोक्यात कागदाचे बोळे भरा आणि मधेमधे खाऊ टाका. फाडायची आवड असलेल्या कुत्र्यासाठी हा स्वर्ग आहे. पसारा होईल, पण तो पुठ्ठ्याचा असेल, सोफ्याचा नाही.

४. अंड्यांचा ट्रे : पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत खाऊ ठेवा. मांजर पंजानं एकेक दाणा काढत बसतं. कुत्र्यासाठी वर दुसरा ट्रे उपडा ठेवा. फक्त ट्रे कोरडा, स्वच्छ आणि फुटलेल्या अंड्याचे डाग नसलेला घ्या.

५. बुटांचा खोका, खास मांजरासाठी : झाकणाला पंजा आरामात जाईल एवढी चार-पाच भोकं पाडा. आत खाऊ आणि एखादा कागदाचा बोळा टाकून झाकण लावा. भोकातून पंजा घालून वस्तू ओढणं हे बिळातून उंदीर काढण्यासारखंच आहे.

६. प्लास्टिकची बाटली : पाण्याची रिकामी बाटली घ्या. टोपण, त्याखालची प्लास्टिकची रिंग आणि लेबल तिन्ही काढून टाका. आत थोडे दाणे घाला. बाटली घरंगळली की दाणे बाहेर पडतात. पण हे खेळणं फक्त समोर बसून द्यायचं. बाटली चावायला सुरुवात झाली की लगेच काढून घ्यायची, कारण तुटलेल्या प्लास्टिकच्या कडा धारदार असतात.

७. गोठवलेली वाटी : आपल्याकडं बरेच कुत्रे विकतचं खाणं नाही, घरचंच जेवतात. दहीभात काही बाटलीत भरता येत नाही. अशा वेळी शिजवलेला भात, उकडलेला लाल भोपळा किंवा चिकन स्टीलच्या पसरट वाटीत घट्ट दाबून फ्रीझरमध्ये ठेवा. देण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. तो चाटत चाटत खाण्यात दोन मिनिटांचं जेवण चांगलं लांबतं. उन्हाळ्यात तर उत्तमच. यात मीठ, मसाला काही नको.

भंगार आहे म्हणून काहीही चालत नाही

इथं मात्र गंमत संपते. घरातली वस्तू म्हणजे सुरक्षित वस्तू, असं नसतं.

मांजराच्या घरात सगळ्यात मोठा धोका दोऱ्याचा. लोकर, सुतळी, रिबन, राखीचा दोरा, पतंगाचा मांजा. मांजराच्या जिभेवर आतल्या दिशेनं वळलेले काटे असतात, त्यामुळं तोंडात गेलेला दोरा थुंकणं त्याला अवघड जातं आणि तो पोटात जातो. तिथं आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होऊ शकतं, कापलंही जाऊ शकतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, सरळ डॉक्टर गाठा.

खोका देण्याआधी स्टेपलच्या पिना, चिकटपट्टी, थर्माकोल आणि ती 'खाऊ नका' लिहिलेली छोटी पुडी काढून टाका. रबरबँड नकोच. फिनेल, कीटकनाशक किंवा औषधाच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरू नका. जो कुत्रा पुठ्ठा नुसता फाडत नाही तर गिळतो, त्याला पुठ्ठ्याची खेळणी देऊच नका.

आत काय घालायचं यालाही नियम आहेत. कुत्र्याला चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण चालत नाही. मांजरालाही कांदा-लसूण घातक आहे. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरची यादी वाचा. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर तो कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

आणि आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे मुंग्या. पावसाळ्यात बुरशीही पटकन धरते. खेळ संपला की पुठ्ठा फेकून द्या, टॉवेल धुवा, भांडी घासून वाळवा.

सुरुवात कशी करायची?

पहिल्याच दिवशी अवघड कोडं दिलं तर प्राणी कंटाळून निघून जातो, नाहीतर भुंकून घर डोक्यावर घेतो. त्यामुळं पहिल्यांदा खाऊ दिसेल असा ठेवा. टॉवेल उघडाच पसरा, खोक्याचं झाकण लावू नका. पाच-दहा मिनिटं पुरेत. पटापट जमायला लागलं की मग एकेक पायरी वाढवा.

खाऊ वेगळा, जास्तीचा द्यायचा नाही. रोजच्याच जेवणातला वाटा बाजूला काढायचा, नाहीतर कंटाळा जाईल आणि वजन वाढेल.

घरात दोन प्राणी असतील तर दोघांना वेगवेगळ्या खोलीत द्या. कुत्रा खेळण्याजवळ गेल्यावर गुरगुरत असेल तर हिसकावू नका. दुसरा आवडीचा खाऊ लांब टाका आणि तो तिकडं गेला की खेळणं उचला. लहान मुलांना तर त्या वेळी जवळ फिरकूच देऊ नका.

मांजरांचं थोडं वेगळं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १७ मांजरांसमोर फुकटचा ट्रे आणि कोडं दोन्ही ठेवलं, तर बहुतेकांनी फुकटच्या ट्रेतूनच जास्त खाल्लं. कुत्र्यांवरच्या अलीकडच्या एका अभ्यासातही कुत्रे मेहनत करायला तयार दिसले, पण फुकटच्या खाण्यापेक्षा मेहनतीलाच पसंती देतात असं काही दिसलं नाही. म्हणून कोडं सोडवलं नाही तर उपाशी, असली अट घालायची नाही. मांजराच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृताला गंभीर आजार होऊ शकतो.

खेळण्यानं सगळं सुटतं का?

नाही. कोडं म्हणजे फिरायला नेण्याला पर्याय नव्हे. प्राण्यांशी क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदाही हेच सांगतो. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं आणि प्राण्याला अवाजवी वेळ आखूड साखळीनं बांधून ठेवणं, या दोन्ही गोष्टी कलम ११ मध्ये क्रूरता म्हणून नोंदवलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळी तोडफोड कंटाळ्यातून होत नाही. घरचे बाहेर पडले की लगेच रडणं, दारालाच ओरबाडणं, लाळ गळणं, एरवी शिस्तीत असूनही एकटं असताना घरात शू करणं, अशी लक्षणं असतील तर ती एकटेपणाची भीती असू शकते. असा कुत्रा बऱ्याचदा आवडता खाऊही तोंडात घेत नाही. तिथं खोका-टॉवेल कामाचे नाहीत, जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा. सहा-सात महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर दात येत असल्यानंही ते चावतं.

हे कसं ओळखायचं? पुढचे काही दिवस फिरणं वाढवा, रोज एक सोपं कोडं द्या आणि घरी कुणी नसताना मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवा. तो निवांत पडतोय, की इकडंतिकडं काहीतरी शोधतोय, की दाराशी घाबरून उभा आहे, हे त्यात दिसेल. "गावाला सोडून येऊ" या वाक्याआधी ते रेकॉर्डिंग घरातल्या सगळ्यांनी एकदा बघायला हवं.

आणि हो, तोपर्यंत चपला कपाटात ठेवा.