माळ्यावरची ट्रंक आणि रंगाचा डबा

दिवाळीची आवराआवर निघाली की घरोघरी माळ्यावरून तीच मंडळी खाली उतरतात. पत्र्याची ट्रंक, एक पाय डुगडुगणारा पाट, तेलाचा रिकामा डबा, कोपरा उसवलेलं सूप, आणि एखाद्या घरी पाळणा. ‘देऊन टाक भंगारवाल्याला,’ असं म्हणायला पुरुषमंडळींना काही लागत नाही. आपल्याला मात्र ते धजवत नाही.

मग ‘टाकाऊतून टिकाऊ’ सुरू होतं. रंगाची डबी येते, फुलं-पानं काढली जातात, चार दिवस कौतुक होतं. आणि सहा महिन्यांत रंगाचे पोपडे निघून ती वस्तू पुन्हा माळ्यावर जाते. मैत्रिणींनो, असं होतं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे रंगाखालची तयारी केलेली नसते. दुसरं, रंगवलेली वस्तू घरात नेमकी कशाला लागणार, हे ठरलेलं नसतं. म्हणून मी सगळ्यात वरचा नंबर ट्रंकेला देते. तिच्यात गाद्या-चादरी राहतात, वर उशी टाकली की बसायला होतं, आणि मुलांचा पसारा झाकण लावून दिसेनासा करता येतो!

पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एक गोष्ट वाचाच.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. रंग लवकर वाळावा, टिकावा, पिवळा-केशरी-हिरवा झळझळीत दिसावा म्हणून शिशाची संयुगं घालत. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगाचा भरवसा धरू नये. नुसता भिंतीवर बसलेला रंग काही करत नाही. तो घासला की धूळ होते, ती जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातून तोंडात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी माळ्यावरचा लाकडी पाळणा काढला. वरचा निळा रंग जिथे उडाला होता तिथे खाली हिरवा, त्याखाली गुलाबी. तीन बाळंतपणांचे तीन रंग. घासून, नवा रंग देऊन बारशाला टांगायचा, असा त्यांचा बेत. मी नको म्हटलं तर चिडल्याच. ‘आमची सगळी पोरं यातच वाढली की गं!’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्या काळी शिसं मोजलं कुणी होतं? आणि दात येऊ लागले की बाळ पहिल्यांदा पाळण्याची कडाच चावतं. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. शेवटी सुनेने मधला मार्ग काढला. बाळाला नवी कापडी झोळी आणली आणि पाळणा न घासता, ओल्या फडक्याने पुसून, गच्चीच्या दारात टांगला. त्यात आता मनीप्लँट आणि तुळशीची रोपं आहेत. जुनी रंगीत खेळणी असतील तर त्यांनाही हाच न्याय लावा.

आता ट्रंक. काम गच्चीत किंवा अंगणात करा, मुलांना तेवढा वेळ आजीकडे पाठवा आणि खाली वर्तमानपत्रं पसरा. सोड्याच्या पाण्याने आधी तेलकटपणा काढा. मग पाण्यात भिजवून वापरायचा वॉटर पेपर येतो तो घ्या आणि ओलंच घासा. कोरडं मुळीच नको. नाका-तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. सगळा रंग खरवडायचा नाही, फक्त सुटलेले पोपडे आणि गंज. ओल्या फडक्याने दोनदा पुसा, वर्तमानपत्रं गुंडाळून कचऱ्यात, आणि फडकं घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. ट्रंक कडकडीत उन्हात वाळवा. बिजागरीच्या फटीत पाणी राहिलं तर आतून पुन्हा गंज धरतो, म्हणून झाकण उघडं ठेवा.

मग रेड ऑक्साइडचा एक हात. एक दिवस जाऊ द्या. त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात, मध्ये पुन्हा एक दिवस. एकच जाड हात दिला की रंग वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. मध्यम ट्रंकेला दोन हातांसाठी अर्धा लिटर रंग पुरतो. हे काम पावसाळ्यात काढू नये.

आमच्या ट्रंकेवर सासूबाईंचं माहेरचं नाव आहे. डी.एड.ला वसतिगृहात जाताना वडिलांनी घेऊन दिलेली ती ट्रंक. रेशनकार्डावर नाव बदललं, बँकेत बदललं, शाळेच्या हजेरीपटावर बदललं. ट्रंकेवरचं तेवढं राहिलं. ‘आई, रंगवू का?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘रंगव की. तुझीच आहे आता.’ पण संध्याकाळपर्यंत दोनदा येऊन झाकणावरून हात फिरवून गेल्या. मी नावाभोवती चौकोनात चिकटपट्टी लावली, तेवढा भाग न घासता नुसता पुसला आणि वर पारदर्शक वार्निशचा हात दिला. बाकी ट्रंक विटकरी. नात्यातल्या बायका हटकून विचारतात, ‘हे कुणाचं गं नाव?’ सासूबाई चहाचा कप खाली न ठेवता सांगतात, ‘माझं.’

विटकरी रंग घेतला तो वारली चित्रांसाठी. पालघर-डहाणूकडे लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ही मुळात बायकांची, लग्नाची कला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं अंग होतं, वर गोल डोकं, हातापायांच्या रेघा. आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलींनाही अर्ध्या तासात जमतं. मात्र लग्नाच्या चौकात पालघाट देवी असते. ती ट्रंकेवर काढून वर बसायचं, हे मला पटत नाही. तारपा वाजवणारा, नाचाचा फेर, झाडं, कोंबड्या काढा. ऑइल पेंटवर पोस्टर कलर धरत नाही. पांढरा ऑइल पेंटच किंचित टर्पेंटाइन घालून बारीक ब्रशने वापरा.

पाण्याच्या माठाला मात्र ऑइल पेंट लावू नका. त्याची छिद्रं बुजली की पाणी झिरपत नाही आणि थंडही होत नाही. फार तर काठाखाली गेरूचा पट्टा ओढा. धान्याच्या डब्याला आतून रंग नको. सुपाला रंगवण्याआधी शेणाने सारवण्याऐवजी कागदाचा लगदा लावला तर फटी बुजतात. तांब्या-पितळेला तर ब्रश लावूच नये, चिंच पुरते.

आणि ब्रश त्याच दिवशी टर्पेंटाइनमध्ये, मग साबणाने धुऊन ठेवा. ‘उद्या धुते’ म्हटलं की सकाळी हातात खराटा येतो.