चाल तीच, जादू नवी!

सगळ्यांना तोंडपाठ असलेली चाल घ्यायची, ती न मोडता तिच्याभोवती नवं संगीत रचायचं. सोपं वाटतंय? मग हा किस्सा वाचाच.

साल १७०६. जर्मनीतल्या आर्नश्टाटमध्ये वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख चर्चचा ऑर्गनवादक होता. चार आठवड्यांची रजा काढून तो बुक्स्टेहूड या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला ल्यूबेकला गेला आणि परतला जवळपास चार महिन्यांनी! वरिष्ठांनी झापलंच, वर तक्रार अशी, की तू चालीत भलतेच सूर मिसळतोस, लोक गोंधळतात.

तक्रारीत तथ्य होतं. लुथरन चर्चमध्ये जमलेले सगळेच गातात. त्यासाठी मार्टिन लुथरने सोळाव्या शतकात साध्या जर्मन भाषेतली गीतं रचली. ही गीतं म्हणजे ‘कोराल’. गाणं सुरू होण्याआधी त्याच चालीवर ऑर्गनची छोटी रचना वाजते, ती ‘कोराल प्रील्यूड’. ती ऐकून चालच ओळखू आली नाही, तर लोक गाणार काय?

पुढे वायमारच्या नोकरीत बाखने यावर झकास तोड काढली. ‘ऑर्गेलब्युशलाइन’ म्हणजे ऑर्गनची छोटी वही. तिच्यात मूळ चाल बहुतेकदा सगळ्यात वरच्या आवाजात, जवळपास जशीच्या तशी असते. खरी करामत खालच्या आवाजांत! आदमच्या पतनावरच्या गीतात पायाने वाजवायच्या पट्ट्यांवरचे सूर मोठ्या उड्या घेत खाली कोसळतात. शब्द एकही नाही, पण पडणं स्पष्ट ऐकू येतं.

वहीत बाखला १६४ रचना करायच्या होत्या. झाल्या ४६. बाकीच्या पानांवर बहुतेक नुसती गीतांची नावं राहिली. अलीकडे ब्रिटिश ऑर्गनवादक विल्यम व्हाइटहेड यांनी उरलेल्या ११८ रचना आजच्या संगीतकारांकडून करून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे तीनशे वर्षांनीही ‘गृहपाठ’ चालूच राहिला!

तुम्हाला चव घ्यायचीय? याच वहीतली ‘इश रुफ त्सू दिर’ ऐका. तार्कोव्हस्कीच्या ‘सोलारिस’ या १९७२च्या सिनेमातही ती आहे. आवाज तीनच. पहिल्यांदा फक्त वरची चाल ऐका, दुसऱ्यांदा एका लयीत चालणारे पायाचे सूर, तिसऱ्यांदा मधली अखंड वाहणारी धून. मग कीबोर्ड काढा आणि तुमच्या पाठ असलेल्या एखाद्या चालीखाली स्वतःचा एक आवाज रचून बघा. अट एकच: शेजारी बसलेल्या मित्राला चाल ओळखता आली पाहिजे!