गिअरची स्कूटर आणि उभ्याची जेट स्की

१९७२ मध्ये आलेल्या 'चेतक'साठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. ती बनवणाऱ्या आकुर्डीच्या बजाज ऑटोने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि जास्त अ‍ॅव्हरेजच्या मोटरसायकली आल्या, असं याचं कारण सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. ही स्कूटर चालवणाऱ्याकडून फार कसब मागायची आणि त्याच्या बदल्यात फार थोडं द्यायची, हे मला मूळ कारण वाटतं. ते पडताळून पाहायला पाण्यावरचं एक वाहन उपयोगी पडतं. ऐंशीच्या दशकात बजाजशी हातमिळवणी करणाऱ्या कावासाकीने १९७३ च्या सुमारास उभ्याने चालवायची जेट स्की बाजारात आणली. तिचीही बाजारपेठ अशीच आटत गेली.

चेतकचं इंजिन एका बाजूला, त्यामुळे वजनाचा तोल मुळातच कललेला. डाव्या मुठीत क्लच दाबून तीच मूठ फिरवत गिअर टाकायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं. सकाळी गाडी रुसली की ती एका अंगावर कलती करायची, सरळ करायची आणि मग किकवर किक. परमिट राजमध्ये दुसरा फारसा पर्याय नव्हता, म्हणून घरोघरी हे सगळं लोक शिकले. उभ्याच्या जेट स्कीचा तळ अरुंद आणि स्वाराचा गुरुत्वमध्य बराच वर. थांबलेल्या अवस्थेत ती डुलते आणि नवखा माणूस पाण्यात पडतो. वेग आल्यावर पाण्याचा दाब तळाला उचलून धरतो, तेव्हा कुठे ती स्थिर होते. म्हणजे सर्वांत अवघड धडा पहिल्याच मिनिटाला. शिवाय तिच्यावर एकट्यानेच जायचं. बसून चालवायच्या रुंद जेट स्कीवर कुटुंबातले दोघं-तिघं मावतात आणि ती थांबलेली असतानाही सहसा उलटत नाही.

मग नियमांचं काय? चेतक आणि उभ्याची जुनी जेट स्की, दोन्हींत टू-स्ट्रोक इंजिन. त्यात ताजं मिश्रण आत येत असताना धूर बाहेर जाण्याची खिडकीही उघडीच असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच निसटतं. भारतात दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १९९६ मध्ये किलोमीटरला ४.५ ग्रॅम होती, ती २००० मध्ये २ ग्रॅमवर आली. पण नियम हेच खरं कारण असतं, तर इंजिन बदलल्यावर गिऱ्हाईक परतायला हवं होतं. बजाजने फोर-स्ट्रोक चेतकही काढली, पण गिअर तसेच ठेवले आणि गिऱ्हाईक काही परतलं नाही. कावासाकीने २०१७ मध्ये उभ्याच्या जेट स्कीत १,४९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं. धूर कमी झाला, पण वजन सुमारे २५० किलोवर गेलं. तोल सांभाळण्याची अट तशीच राहिली.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मोटरसायकलला गिअर नव्हते का? होते. पण ती कष्टांचा मोबदला द्यायची. वजन मधोमध, चाकं मोठी, खड्ड्यांत पकड चांगली आणि लिटरमागे जास्त किलोमीटर. गिअर पत्करणारे तिकडे वळले. ज्यांना गिअर नकोच होते, त्यांना काय हवं आहे हे पुण्यातल्याच कायनेटिकने आधी बिनगिअरच्या लूनामधून आणि मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा या बटणाने चालू होणाऱ्या, गिअर नसलेल्या स्कूटरमधून दाखवलं होतं. तिच्या व्हेरिएटरमध्ये इंजिनाचा वेग वाढला की छोटे रोलर बाहेर सरकतात, पट्ट्याचा घेर बदलतो आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा परिणाम मिळतो. २००१ मध्ये ॲक्टिव्हा स्कूटरने या रचनेला फोर-स्ट्रोक इंजिनाची जोड दिली आणि स्कूटरची बाजारपेठ पुन्हा उभी राहिली. मधल्या मधे कोंडली गेली ती फक्त गिअरची स्कूटर. स्कूटर सोडून मोटरसायकलींवर भर देणं बजाजला फायद्याचं ठरलं, हे मान्य. पण 'स्कूटरचे दिवस संपले' हा निष्कर्ष चुकीचाच होता.

अवघडपणाच आवडणारे जुने चाहते कंपन्यांची दिशाभूल करतात, असं मला वाटतं. शर्यतीतल्या एखाद्या स्वाराला उभ्याची जेट स्कीच हवी असते, कारण ती अंगाच्या झोकाने वळते. त्याचं प्रेम खरं आहे, पण त्याच्यासारखे थोडे. चेतक २०२० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर परतली ती विजेवर, क्लच आणि गिअर दोन्ही गाळून. विद्युत मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे त्यांची गरजच उरली नाही. जेट स्कीत अशी मोटर बसवली तर धूर आणि आवाज जाईल, पण तळाची रुंदी मोटरने वाढत नाही.