पांझरेकाठचे फड

धुळे जिल्ह्यातून पांझरा नदी वाहते. पावसाळा सरला की तिचे पाणी झपाट्याने ओसरू लागते. एवढ्याशा पाण्यावर साऱ्या गावाची पिके कशी निघावीत? तिच्या काठच्या शेतकऱ्यांनी सुमारे ३०० वर्षांपूर्वीच एक युक्ती योजिली. तीच फड पद्धती.

नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली गावची जमीन. या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडीत. अशा भागास फड म्हणत. एका फडात एका हंगामी बहुधा एकच पीक. ऊस कोठे लावावा, धान्य कोठे पेरावे, कोणता फड पडीक ठेवावा, हे गावाने निवडलेले पंच ठरवीत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे, तर पिकांच्या राखणीचे काम जागल्याचे. आपल्या हाताने पाट फोडून पाणी घेण्याची मुभा कोणासही नसे, मग तो कितीही मोठा बागायतदार असो!

खरी कसोटी लागे ती अवर्षणात. पाणी पुरणार नाही असे दिसताच एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय पंचांना घ्यावा लागे. मुलांनो, गावकऱ्यांना हे सांगणे किती कठीण! परंतु बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असे, पंचांचीही. त्यामुळे तोटा एकट्यादुकट्याच्या माथी न येता सर्वांत वाटला जाई.

पुढे विहिरी आल्या, विजेचे पंप आले, आणि पुष्कळ फड मोडले. काही मात्र अजून टिकून आहेत.