जुन्या अँपला डॅक जोडला की आवाज फाटतो? अँप भंगारात द्यायच्या आधी हे वाचा

गणपती जवळ आले की महाड-पोलादपूरच्या गावांत बंद घरांची कुलपं उघडतात. मुंबईहून आलेली मंडळी आधी घर झाडून घेतात आणि मग माळ्यावरचा जुना अँप्लिफायर खाली काढतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात कुणीतरी हौसेने घेतलेला सोनोडाइन, कॉस्मिक नाहीतर फिलिप्सचा सेट. कॅसेट डेकने कधीच मान टाकलेली असते, पण अँप आणि लाकडी खोक्यातले स्पीकर अजून दमदार असतात.

मग येतो ऑनलाइन मागवलेला छोटा डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक. एका बाजूला टीव्हीची ऑप्टिकल वायर, दुसऱ्या बाजूला अँपकडे जाणारी लाल-पांढरी पिन. आरती लावली जाते आणि आवाज चरचरत फाटतो. व्हॉल्यूम जरासा वाढवला तरी घर दणाणतं. घरात निकाल लागतो, "अँप गेला, भंगारात द्या."

पण अनेकदा अँप गेलेला नसतो आणि डॅकही खराब नसतो. दोघांचं व्होल्टेज जुळत नसतं, एवढंच.

भानगड नेमकी काय आहे?

टीव्ही आणि मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. डॅक त्या आकड्यांची विजेची लहर बनवतो आणि अँप ती लहर मोठी करून स्पीकरला देतो. डॅककडून येणारी लहर किती व्होल्टची आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सीडी प्लेअर १९८२ साली बाजारात आले. त्यांचं आउटपुट जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास ठेवायची पद्धत पडली आणि आजचे बरेचसे डॅकही तीच पाळतात. कॅसेट आणि रेडिओच्या जमान्यातल्या अनेक अँपना मात्र पूर्ण आवाज द्यायला ०.१५ ते ०.२ व्होल्ट पुरायचे.

म्हणजे अँपला हवं त्याच्या दहापट व्होल्टेज. ध्वनीच्या भाषेत हा २० डेसिबलचा फरक झाला. त्यात आजची बरीच गाणी मुळातच जोरात रेकॉर्ड केलेली असतात.

मग व्हॉल्यूम कमी ठेवला की झालं ना?

इथेच खरी गंमत आहे. काही अँपमध्ये सिग्नल आत आल्यावर पहिल्यांदा व्हॉल्यूमच्या बटणातून जातो. अशा अँपमध्ये आवाज फाटत नाही, फक्त बटण पहिल्या दोन रेघांतच वापरता येतं. तेवढ्या खाली बऱ्याच जुन्या बटणांचा डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही.

काही अँपमध्ये मात्र सिग्नल आधी आतल्या छोट्या सर्किटमधून जातो आणि मग बटणापर्यंत येतो. त्या सर्किटला २ व्होल्ट झेपले नाहीत, तर आवाज तिथेच फाटतो. मग व्हॉल्यूम कितीही कमी करा, येणार तो फाटकाच आवाज.

ओळखायची खूण सोपी आहे. कमी आवाजातही चरचर येत असेल, तर डॅककडून व्होल्टेज जास्त येतंय का ते आधी तपासा. फक्त आवाज मोठा केल्यावरच फाटत असेल, तर अँपची ताकद संपते आहे. दुसऱ्या प्रकारात तसंच रेटत राहिलात, तर स्पीकरमधला ट्वीटर जळू शकतो.

उपाय काय?

सगळ्यात आधी अँपच्या मागची सॉकेट बघा. डॅकची पिन ऑक्स, ट्यूनर किंवा टेप-इनमध्येच लावायची. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं आणि तिथे काही हजारांश व्होल्टच अपेक्षित असतात. गावच्या भजनाच्या अँपवर माइकच्या सॉकेटचंही तसंच आहे.

दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साध्या डॅकमधून आवाज येत नाही किंवा नुसती खरखर येते.

तिसरं, डॅकवर गेनचं किंवा व्हॉल्यूमचं बटण असेल तर ते खाली आणा. मोबाइल किंवा लॅपटॉप जोडला असेल तर तिथला आवाज कमी करूनही काम होतं. २४ बिटच्या डॅकवर १२ डेसिबल कमी केल्याने गाण्याचं काही बिघडत नाही. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटवर मात्र बहुतेक वेळा रिमोटचा व्हॉल्यूम चालत नाही.

अशा वेळी कामाला येतो अटेन्युएटर. तयार मिळतो, नाहीतर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून काही रुपयांच्या रेझिस्टरमध्ये करून घेता येतो. प्रत्येक बाजूला सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम आणि त्यापुढे, अँपच्या बाजूला, सिग्नल व अर्थच्या मध्ये ३.३ किलोओहम. २ व्होल्टचे साधारण अर्धा व्होल्ट होतात. सर्किटवरचा ताण बऱ्याचदा एवढ्याने उतरतो आणि व्हॉल्यूमचं बटण मोकळेपणाने फिरवता येतं.

मोजायचं कसं?

मोबाइलवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन पूर्ण पातळीवर लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून डॅकच्या पिनचं टोक आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये मोजा. स्वस्त मीटरचा एसीचा सगळ्यात खालचा पट्टा बहुधा २०० व्होल्टचा असतो. त्यावर २.० दिसलं तरी अंदाज पुरेसा येतो. मोजताना पिन अँपला जोडलेली नको, नाहीतर स्पीकरची खैर नाही.

उलटाही प्रकार होतो. मोबाइलच्या छोट्या डोंगलमधून अर्धा ते एक व्होल्टच येतो. २ व्होल्ट मागणाऱ्या पॉवर अँपला तो जोडला, तर आवाज दबका येतो.

एक इशारा

२०२१ च्या जुलैमध्ये महाड शहरात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. अशा पाण्यात भिजलेला अँप वरून कोरडा दिसतो, पण आत चिखल आणि गंज असू शकतो. तो कारागिराने उघडून तपासल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका. भिजला नसेल, तरी कोकणच्या दमट हवेने बटणं आणि सॉकेट खराब होतात. ती साफ करून घेतली की निम्मी खरखर तिथेच जाते.

तेव्हा यंदा माळ्यावरचा अँप खाली काढलात आणि आवाज फाटला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मल्टीमीटर काढा.