एका ‘भंडारा’मागचे अठरा आकडे

भंडारा जिल्ह्याची माहिती भरलेली एखादी जाडजूड फाइल उघडा. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, भंडारा असे सातही तालुके, वैनगंगा, तलाव, धान, सगळं तिच्यात आहे असं समजा. कंट्रोल-एफ दाबून ‘भंडारा’ टाइप केलं की बोट उचलायच्या आत तो शब्द रंगून समोर येतो. एवढ्याशा वेळात आत केवढी धांदल उडते!

मुळात संगणकाला ‘भंडारा’ दिसतच नाही, दिसतात आकडे. भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी ही सहा चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे झाले अठरा. भ म्हणजे २२४, १६४, १७३. काना म्हणजे २२४, १६४, १९०. गंमत बघा, सहाही चिन्हांची सुरुवात २२४-१६४ अशीच! वैनगंगेचा ‘व’ही तसाच सुरू होतो. त्यामुळे डावीकडून एकेक बाइट जुळवत निघालेला भोळा शोध मराठीत पावलोपावली फसतो: दोन बाइट जुळतात, तिसऱ्याला नकार. इंग्रजी मजकुरात हा नकार बहुधा पहिल्याच बाइटला मिळतो.

१९७७ मध्ये रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉदर मूर यांनी उलटा विचार मांडला. शब्द शेवटाकडून तपासायचा. मजकुरातल्या अठराव्या जागी ‘क’चा १४९ निघाला, तर तो आकडा ‘भंडारा’त कुठेच नाही, मग थेट अठरा जागा पुढे उडी! मधला मजकूर न वाचताच सुटतो, आणि तरी एकही ‘भंडारा’ हातचा जात नाही. लांब शब्दाची उडीही लांब, म्हणून चोवीस बाइटचा ‘लाखांदूर’ अनेकदा लवकर शोधून होतो. मला तरी ही अजून जादूच वाटते. अर्थात ‘भंडारा’च्या शेवटी काना आहे, आणि मराठीत कान्यांना तोटा नाही; तिथे उडी आखडते. म्हणून काही नव्या यंत्रणा शब्दातला दुर्मीळ बाइट हेरून आधी त्याचाच माग काढतात.

हा वेग मोजायला बसलं की घड्याळ फसवतं. पहिल्या शोधाच्या वेळेत डिस्कवरून फाइल वाचण्याचा वेळ मिसळलेला असतो. दुसऱ्यांदा तीच फाइल मेमरीत तयार असते. टाइप करता करता शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता ‘भ’ पडला की शेकडो जागा रंगवाव्या लागतात. तिथे शोध केव्हाच संपलेला असतो, वेळ खातं ते रंगकाम.

आणि ‘भंडाऱ्यात’? त्यातला ‘ऱ्य’ कुणी ‘ऱ’ वापरून लिहितं, कुणी ‘र’खाली नुक्ता देऊन, तर कुणी ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच, बाइट मात्र निराळे. हा फरक सांभाळून न घेणारा शोध क्षणात ‘सापडलं नाही’ म्हणतो, आणि घड्याळ त्याला पहिला नंबर देतं.

तुमच्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची असेल, तर एकच फाइल घेऊन तोच शब्द अनेकदा शोधा, पहिली वेळ वेगळी लिहा, आणि दर वेळेसमोर शब्द किती ठिकाणी सापडला तेही नोंदवा.